उभ्याने ऐकलेली तबकडी

“…मग याच्याखाली आता ठेवायचं तरी काय, तेवढं सांगा की उस्ताद.”

बाबालाल उस्ताद खुर्चीच्या कडेला बसून पायातले मोजे काढत होते.

धनपाल मगदूमच्या कपाळावरची शीर ताडताड उडत होती. अर्धा तास तो तेच विचारत होता आणि अर्धा तास म्हाताऱ्यानं हूं की चूं केलं नव्हतं.

“ग्रॅनाइटची लादी ठेवून झाली. तिच्याखाली वाळूची पेटी झाली. टेनिसचे बॉल अर्धे कापून ठेवले. सायकलची ट्यूब निम्मी हवा भरून ठेवली. रबराचे पाय तर परदेशातनं मागवले. एवढं सगळं करून सुई उडते ती उडतेच.”

खरंच सगळं केलं होतं त्यानं. लादी, पेटी, ट्यूब, परत लादी, आणि सगळ्यांच्या वर ते नवंकोरं टर्नटेबल, उतरंडीवरच्या शेवटच्या मडक्यासारखं. बघणाऱ्यालाच धाकधूक व्हावी.

मिरजेत बाबालाल शिकलगारांचं रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं चाललं. धनपाल कॉलेजात होता तेव्हापासून दर रविवारी तिथं जाऊन बसायचा. सुईचं वजन किती ठेवायचं, तिचा दांडा कसा तोलायचा, तबकडी कशी पुसायची आणि त्यावरचं गाणं कसं ऐकायचं, हे सगळं त्याला उस्तादांनी शिकवलं. शिकवता शिकवता पोरगं शहाणं झालं आणि शहाणं होता होता अतिशहाणं. आता साठीला आला होता. मिरजेत कानाचा राजा कोण, असं विचारलं तर चार लोक धनपालचं नाव घ्यायचे आणि पाचवा तो स्वतः.

येत्या रविवारी पुण्याहून आठ रसिक मंडळी त्याच्याकडे ऐकायला यायची होती. मुद्दाम, गाडी करून. त्यांच्या वावरण्यानं सुई उडाली असती तर धनपालचं नाकच कापलं गेलं असतं. म्हणून तर त्यानं नाइलाजानं उस्तादांना रिक्षा पाठवून घरी आणवलं होतं.

उस्तादांनी मोज्यांची घडी करून खिशात घातली आणि अनवाणी पाय लाकडी फळ्यांवर टेकवले.

“लाव.”

धनपालनं तबकडी लावली. एका जुन्या बाईंचा मारवा, मावळतीलाच ऐकायचा. खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं आणि वेळ अगदी बरोबर होती. आलाप खोलीत पसरला. उस्तादांनी डोळे मिटले, पण मान हलवली नाही. नुसती पायाची बोटं हलत होती.

“आता चाल.”

धनपाल चालला. या खोलीत तो मांजराच्या पावलांनी चालायला शिकला होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. सुई जागची हलली नाही.

“कुठं उडते?”

“माझ्या चालण्यानं नाही उडत.”

“मग कुणाच्या?”

धनपाल लादीखालची ट्यूब चाचपू लागला.

“घरात आणखी कोण आहे?”

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी बेळगावला गेली होती. कामवाली सकाळी येऊन जायची. उरलं कोण?

“आक्का,” धनपाल म्हणाला.

आक्का म्हणजे त्याची आई. वय ब्याऐंशी. चैत्रात न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. जेवणानंतर रोज चाललंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चालणं सुटलं की पाय गेला, आणि पाय गेला की खाट काही सुटायची नाही.

आक्काला हे डॉक्टरांनी सांगायची गरजच नव्हती. जेवणानंतरची शतपावली तिनं जन्मात चुकवली नव्हती. मगदूमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं, जैनाघरची रीतच ती. जेवण झालं की आक्का अंगणात शंभर पावलं चालायची. हाड मोडल्यापासून अंगणात उतरायच्या तीन पायऱ्या तिला जमेनात. म्हणून ती हॉलमध्ये चालू लागली.

आणि नेमकी तीच धनपालची ऐकायची वेळ.

महिनाभर दोघांनी सोसलं. एके दिवशी सुई चरकन पूर्ण तबकडीवरून घसरली आणि धनपालचं टाळकं फिरलं. “गाणं होईस्तोवर जरा एका जागी बसशील का, आक्का?” असं तो म्हणाला. म्हणाला कसला, ओरडला. आक्का बसली. ती बसली ती बसलीच. दुपारीही चालेना; भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची तेवढीच, पण तेवढ्यानंही सुई उडायची. म्हातारीचा रुसवा तो, पावसाळी आभाळासारखा, हटायचं नाव नाही. आज त्याला तीन आठवडे झाले होते.

“बोलाव त्यांना,” उस्ताद म्हणाले.

“आत्ता नको, उस्ताद. आधी याचं काय ते…”

उस्ताद स्वतःच उठले आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार ढकललं.

आक्का खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. कोपऱ्यात वॉकर होता आणि त्याच्यावर धनपालचा टॉवेल वाळत घातला होता. खाटेच्या पायाशी एक भरलेली पिशवी होती.

“या बाबालालभाई,” आक्का म्हणाली. “बसा. माझं चालणं बंद आहे, गाणं चालू आहे.”

“ही पिशवी कसली?”

“शनिवारी मला जयसिंगपूरला पोचवणार आहे, धाकट्याकडं. पाहुणे येणार नव्हं? त्यांच्या कानाला माझे पाय टोचतील.”

“तिथं चालायला जागा आहे?”

“दोन खोल्या आहेत. त्यात सहा माणसं.”

“किती दिवस?”

“त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.”

तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. राग होता, आणि तो तिनं नीट घडी करून ठेवला होता, पिशवीतल्या लुगड्यांसारखा. उस्ताद वळून हॉलमध्ये आले आणि त्यांनी टाच उचलून फळीवर आपटली.

ढब्ब.

“खाली काय आहे?”

“शहाबादी होती,” धनपाल म्हणाला. “गेल्या वर्षी तिच्यावर रिपा मारून सागवानी फळ्या घातल्या.”

“आणि फरशी आणि फळीच्या मधे?”

“मधे… काही नाही. पोकळ आहे.”

“पोकळ आहे.” उस्तादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “अरे गाढवा, शहाबादीवर हत्ती नाचला असता तरी तुझी सुई हलली नसती. तू तिच्यावर ढोल चढवलास. त्या ढोलावर आईला चालवलंस, आणि ढोल वाजला म्हणून आईला गप्प केलंस. चोर सोडून संन्याशाला फाशी.”

धनपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साठ वर्षांच्या माणसाला कुणी गाढव म्हणावं, तेही त्याच्याच घरात.

“तुम्हीच शिकवलंत मला. खोली हेसुद्धा वाद्य आहे, असं दुकानात बसून कोण सांगत होतं? लाकडानं आवाजाला ऊब येते, हे कोण म्हणालं?”

“मी म्हणालो.”

“मग?”

“मग त्या वाद्यात माणसं राहतात, हेही सांगायला पायजे होतं. माझी चूक. मला वाटलं, तेवढं तुला न सांगता कळेल.”

हे जास्त लागलं. शिवी परवडली, पण हे नको, असं झालं धनपालला. आणि लागलं की माणूस जे हाताला येईल ते उचलून फेकतो.

“तुमचं काय जातंय बोलायला? असला आवाज तुम्ही जन्मात ऐकलेला नाही. आणि आता ऐकायचा म्हटलं तर तुमचे कान राहिलेत कुठं?”

…

तबकडी संपली होती. सुई शेवटच्या रेघेत नुसती खरखरत होती. बोललेला शब्द परत गिळता आला असता तर धनपालनं गिळला असता. पण ताठा असा मेला, की ‘चुकलं’ एवढं तोंडातून फुटेना.

“खरं आहे,” उस्ताद म्हणाले. “डावा दोन वर्षांमागं गेला. उजवा निम्मा आहे. म्हणून तर मोजे काढले.”

त्यांनी जाऊन दांडा उचलला आणि खरखर बंद केली.

“फळ्या उपटायच्या?”

“रविवार चार दिवसांवर आलाय. कसं शक्य आहे?”

“मग आक्कांनी चालायचं नाही?”

“असं कोण म्हणालं? चालावं की. जयसिंगपूरला चालावं.”

आत खाट करकरली.

“म्हणजे फळ्या राहायला पायजेत,” उस्ताद बोटांवर मोजत म्हणाले. “सुई उडायला नको. आणि आईचा पायही जायला नको.”

“हो.”

“तिन्ही?”

“तिन्ही. आहे तुमच्याकडं असं काही, याच्याखाली ठेवायला?”

हे तो कुत्सितपणे म्हणाला. उस्तादांनी तो कुत्सितपणा कानाआड केला.

“आहे.”

“काय?”

“तू.”

धनपालला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“उचल ते,” उस्ताद म्हणाले. “दोन्ही हातांनी. वायर पुरते आहे, बघितली मी. कोपरं बरगड्यांना टेकव. असं. आणि हॉलच्या मधोमध उभा राहा.”

“उस्ताद, नऊ किलोचं धूड आहे हे. पडलं तर…”

“पडलं तर तुझ्या हातून पडेल. आईच्या नावावर नाही जायचं.”

रागाच्या भरातच धनपालनं टर्नटेबल उचललं. त्याला दाखवूनच द्यायचं होतं, की हे अशक्य आहे, म्हाताऱ्याची अक्कल कानाच्या मागोमाग गेली आहे. तो छाती ताणून उभा राहिला. उस्ताद आत गेले. आतून टॉवेल उडून आला आणि धनपालच्या खांद्यावर पडला.

“नको बाबालालभाई,” आक्काचा आवाज आला. “मला कुणाच्या गाण्यात यायचं नाही.”

“आक्का, रुसायचं तर खुशाल रुसा. पण उभ्यानं रुसा.”

मग वॉकर सरकल्याचा आवाज आला.

आक्का दाराशी आली. मुलगा ते यंत्र छातीशी धरून उभा आहे, हे तिनं बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. उस्तादांनी सुई परत पहिल्या रेघेवर टेकवली आणि ते आक्काच्या डाव्या अंगाला हात धरायच्या बेतानं उभे राहिले.

मारवा सुरू झाला. आक्कानं वॉकर पुढं टाकला, एक पाय ओढला, दुसरा टाकला.

सुई उडाली.

“बघा,” धनपाल म्हणाला. “बघा, उडाली.” आनंदच झाला होता त्याला.

“उडणारच. ताठ उभा आहेस. खांब झालायस तू. गुडघे सोड.”

“सोडले.”

“अजून. पालखी धरणारे कधी बघितलेत? ते काय छाती काढून चालतात? आक्कांचा पाय पडायच्या आधी तू मऊ पायजेस. पडल्यावर नाही, आधी.”

“तिचा पाय कधी पडणार, ते मला काय माहीत?”

“बघ की तिच्याकडं.”

आणि धनपालला बघावं लागलं.

दोन महिने तो वॉकरच्या नावानं बोटं मोडत होता. पण वॉकरचा दणका नव्हताच. वॉकर हलकेच टेकत होता. मोडका पाय फळीवरून घासत यायचा, तोही हलका. दणका चांगल्या पायाचा होता. तो उचलला की सगळा भार मोडक्यावर यायचा, तो भार मोडक्याला सोसायचा नाही, आणि मग चांगला पाय घाईघाईनं धप्पकन पडायचा. तो पडायच्या आधी आक्का खालचा ओठ दातांत धरायची. दर पावलाला. रोज संध्याकाळी ती याच खोलीत हे करत होती आणि तो डोळे मिटून बसलेला असायचा.

ओठ दातांत गेला की आता पाय पडणार. धनपालनं तेवढंच धरून ठेवलं. ओठ गेला की तो गुडघ्यात वाकायचा. सुई आणखी दोनदा उडाली, मग एकदा नुसती थरथरली, आणि मग नाही उडाली.

“अकरा,” आक्का पुटपुटली. “बारा.”

धनपालचे दंड भरून आले. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला, पण तो पुसायला हात मोकळा नव्हता. त्याला भयंकर राग येत होता. म्हाताऱ्याचा येत होता, फळ्यांचा येत होता. त्या आठ पुणेकरांचा येत होता, बिचाऱ्यांनी काही केलं नव्हतं. आणि सगळ्यांच्या तळाशी स्वतःचा येत होता, तो सगळ्यांत वाईट. हे यंत्र खिडकीतून बाहेर भिरकावून द्यावं, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. पण भिरकावून द्यायला पाठ ताठ करावी लागली असती, आणि तेवढ्यात आक्काचा ओठ दातांत गेला.

तिसाव्या पावलाला आक्का खिडकीशी थांबली. तिला धाप लागली होती. उस्तादांनी खुर्ची पुढं सरकवली, ती बसली. बाई तारसप्तकात जाऊन आल्या. आक्का खुर्चीच्या हातावर बोटं ठेवून बसून राहिली.

“या बाईंचा गळा चांगला आहे,” ती म्हणाली. “दाराआडून असा येत नव्हता. कोण आहेत या?”

ही तबकडी मिळवायला धनपाल सहा वर्षं हिंडला होता. बाईंचं नाव, घराणं, तबकडी निघाली ते साल, सगळं त्याच्या जिभेवर असायचं. आत्ता त्याला त्यातलं काहीच आठवेना. त्याची नजर आक्काच्या पायांवर होती. ती कधी उठेल याची तो वाट बघत होता, वाकायला.

ती उठली. उस्तादांचा हात तिनं बाजूला सारला आणि आपली आपण उठली.

एकतीस… चाळीस… बावन्न.

चौसष्टाव्या पावलाला बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत शिरली आणि फिरत राहिली. उस्तादांनी दांडा उचलून ठेवला. खिडकीबाहेरचं ऊन गेलं होतं आणि दिवा लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आक्का वॉकरला धरून हॉलच्या मध्यावर उभी होती. तिचा ऊर धपापत होता. तिनं पहिल्यांदा वर बघितलं, मुलाच्या तोंडाकडे.

“सुई उडाली नाही,” धनपाल म्हणाला. आवाज चिरका झाला होता. तो रागानं झाला होता की रडू आल्यानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. “पण मला एक सूर ऐकू आला नाही, उस्ताद. एवढा वेळ हे धरून उभा आहे आणि मला एकसुद्धा सूर ऐकू आला नाही.”

तो टर्नटेबल खाली ठेवायला टेबलाकडे वळू लागला.

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याच्या हातांतल्या यंत्रावरची तबकडी त्यांनी अलगद उचलली, कडेनं धरली आणि सदऱ्याच्या टोकानं पुसली.

“आक्का, दुसरी बाजू लावू?”